बंद फाटकातली ज्वारी

चवळीनाना नऊ म्हणत नसत. बी फेकताना मुठी मोजायची त्यांची सवय. एका वाफ्याला बारा मुठी, आणि मोजणी मोठ्याने चाले: सहा, सात, आठ, दहा. कामावरच्या बायका तोंडावर हात धरून हसायच्या. एखादी विचारायचीच, "काय हो नाना, मास्तरांनी नऊ शिकवला नव्हता का?" नाना म्हणत, "त्या दिवशी मी शाळेला दांडी मारली होती." पुन्हा हशा. मोजणीत जी एक मूठ कमी पडे ती नाना शेवटी गुपचूप टाकून देत. माणूस कितीही घाबरलेला असला तरी वाफ्याला बी कमी पडून चालत नाही.

हो, घाबरलेलाच. एवढा हसतमुख माणूस आतून भ्यालेला आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. आता बायकोला ठाऊक नाही असं काही नवऱ्याच्या पोटात अकरा वर्षं राहतं का, असं तुम्ही विचाराल. राहतं. आणि नुसतं राहत नाही, आतल्या आत पोसलं जातं.

त्यांचं काम काय ते आधी सांगतो, कारण ते कुणालाही सांगितलं की तो हसतो. नाना जनावरांसाठी शेती करत. धरणामागच्या राखीव रानात उन्हाळ्यात गवताची काडी उरत नाही. मग हरणं, ससे, रानडुकरं खाली उतरतात, लोकांच्या शेतात शिरतात, नाहीतर मोठ्या रस्त्यावर येऊन गाड्यांखाली मरतात. ते थांबावं म्हणून खात्याने रानातच सात ठिकाणी जमिनीचे तुकडे मोकळे करून घेतले होते. तिथे चवळी, बाजरी, सूर्यफूल, लसूणघास असलं काय काय पेरायचं, उन्हाळाभर जगवायचं आणि जनावरांना खाऊ घालायचं. मालकाने विळा लावायचा नाही, पाहुण्यांनी तोंड लावायचं. नाना म्हणत, "जगातली ही एकच शेती, जिथे पिकाची नासाडी झाली की साहेब पाठ थोपटतात."

पण खायला उठसूट सोडायचं नाही. प्रत्येक तुकड्याला तारेचं कुंपण आणि एक फाटक. रोप कोवळं असताना फाटक उघडलं तर चार दिवसांत तुकड्याचं टक्कल होतं आणि मग पुढचा उन्हाळा बोंबलत बसायचं. म्हणून चवळीचे वेल नीट पसरेपर्यंत, बाजरी कमरेला लागेपर्यंत थांबायचं, आणि मग एका संध्याकाळी फाटक उघडून मुकाट बाजूला व्हायचं. कधी उघडायचं हे ठरवणं हीच या कामातली खरी अक्कल. बाकी सगळी हमाली.

त्या हमालीतही नानांचा हात धरणारा कुणी नव्हता. बी ते ओल्या फडक्यात बांधून आधी उगवून बघत. दहातले निदान सात दाणे फुटले नाहीत तर पोतं परत. पेरलं की काट्याची फांदी दोरीने ओढून माती सारखी करत, वर वाळलेल्या पाल्याचं पांघरूण घालत, म्हणजे ओल टिकते. पाणी पहाटेच, ऊन चढायच्या आत, झारीने, मुळाशी. पानाला पाणी लागलेलं दिसलं की मजुराची खैर नसे. चवळीवर मावा पडला की चुलीतली राख चाळून सकाळच्या दवात पानांवर भुरभुरत. वैशाखातल्या त्या भट्टीत, जिथे दगडसुद्धा तडकतात, नानांचे तुकडे हिरवे असत. नवे लोक विचारत, "नाना, ज्वारी का नाही लावत? तिला पाणी कमी लागतं." नाना म्हणत, "पाखरं खातात." पाखरं बाजरीसुद्धा खातात, पण एवढ्या खोलात कोण जातो?

दुपारी बारा ते तीन नाना मोठ्या तुकड्याकडे फिरकत नसत. सातांतला तो सगळ्यांत मोठा, आणि त्याच्या फाटकापासून शंभरेक पावलांवर सिमेंटचा पाणवठा होता, जनावरांसाठी टँकरने भरायचा. भर दुपारी रान एकदम गप्प होतं. पान हलत नाही, पाखरू बोलत नाही. त्या शांततेत नानांना बादलीच्या कडीचा आवाज येई. खण्ण. कुणीतरी बादली सिमेंटवर ठेवली असावी तसा. पहिल्यांदा आला तेव्हा ते बघायला गेले होते. कुणी नव्हतं. पाणवठ्याच्या काठावर मात्र पाणी सांडलेलं होतं आणि उन्हात ते सुकत होतं. माकडाने सांडलं असेल, रानडुकराने सांडलं असेल. नानांनी मनाला दहा कारणं दिली. मनाने एकही घेतलं नाही.

आता ते अकरा वर्षांपूर्वीचं.

तेव्हा पाणवठ्याचं काम नानांच्या साडूकडे होतं. नानांची बायको थोरली, साडूची बायको धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. साडूबुवा म्हणजे उंच, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. टँकर चालवायचा, पाणवठे भरायचा, बादलीने उरलंसुरलं पाणी झाडांना घालायचा. दोघे साडू एका डब्यात जेवत. दोघेही रोजंदारीवर होते आणि दोघांचीही फाईल त्याच उन्हाळ्यात कायम होण्यासाठी वर गेलेली होती.

त्या वर्षी मोठ्या तुकड्यात ज्वारी होती. पाण्याने दगा दिला. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि खुरटली, पानांच्या सुरळ्या झाल्या. नानांना किरळ माहीत नव्हती असं नाही. पाण्यावाचून ताणलेल्या कोवळ्या ज्वारीत विष चढतं, त्याला किरळ म्हणतात. लहानपणी त्यांच्या घरची गाय विहिरीकडेची असलीच ज्वारी खाऊन अर्ध्या तासात गेली होती. पण पाणी पाजलं की किरळ उतरते असंही त्यांनी ऐकलं होतं. म्हणून त्यांनी ज्वारी बुडख्याशी कापली आणि साडूला म्हणाले, "साडूबुवा, तुमच्या पाण्यातले दोन टँकर इकडे ओता." साडूने ओतले. आठवड्याभरात बुडख्यातून लुसलुशीत हिरवे फुटवे आले. काय दिसत होते म्हणून सांगू! कुंपणाबाहेर हरणं ओळीने उभी राहून बघत होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. नानांना राहवलं नाही. संध्याकाळी त्यांनी फाटक उघडलं.

कापलेल्या ज्वारीच्या त्या फुटव्यांतच विष सगळ्यांत जास्त असतं. हे नानांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

फाटक आणि पाणवठा यांच्यामध्ये नऊ हरणं पडली होती. खाऊन घशाला कोरड पडली असेल, पाण्याकडे निघाली असतील. काही पाणवठ्याला तोंड लावून, काही वाटेतच. तोंडाला फेस. एका पाडसाचे पाय अजून हलत होते, मग ते थांबले. साडूबुवा बादली हातात धरून उभे होते. नाना तुकड्यात शिरले. सगळे फुटवे कुरतडलेले होते. नानांना त्याच क्षणी कळलं. गायीचं तोंड त्यांना आठवलं.

आणि त्यांनी काय केलं? साहेब येण्याआधी ट्रॅक्टर आणून सगळा तुकडा नांगरून टाकला. नोंदवहीत लिहिलं: ज्वारी उन्हाने सुकली, नांगरून टाकली.

चौकशी झाली. हरणं पाण्याजवळ मेलेली, म्हणजे पाण्यात काहीतरी. टँकरमध्ये एक जुना कीटकनाशकाचा डबा सापडला. साडूबुवा तो कित्येक वर्षं पाणी काढायला वापरत होते, हजार वेळा धुतलेला. तो डबा टेबलावर ठेवला गेला आणि प्रकरण मिटलं. पाण्याचा नमुना तपासायला गेला तो गेलाच, निकाल आला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते असं. नानांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" नानांनी मिठाची गुळणी धरली. साडूबुवांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांना कामावरून काढलं. दोन महिन्यांनी नाना कायम झाले.

साडूबुवा त्यानंतर कधी नानांच्या घरी आले नाहीत. गाड्या धुवायच्या ठिकाणी लागले. रस्त्यात नाना दिसले की दुसऱ्या बाजूने जात. नानांना वाटे, त्यांना माहीत आहे. दोन टँकर त्यांनीच तर ओतले होते, न कळायला ते काय दूधखुळे होते? माहीत असून ते बोलत नाहीत, नुसते रागाने जळतायत. आणि चार वर्षांनी छातीत कळ येऊन ते गेले, तेव्हा नाना खांदा द्यायला पुढे झाले, पण त्यांना तिरडी उचलवेना. लोक म्हणाले, "बघा, साडूवर किती जीव!"

बायको तर तेव्हापासून त्यांना देवमाणूस म्हणायला लागली. कारण पुढे धाकटीला पाणवठ्यांचं काम मिळवून दिलं ते नानांनीच, साहेबांच्या हातापाया पडून. "माझ्या बहिणीसाठी एवढं कोण करतं?" बायको येईल त्याला सांगे. ते ऐकलं की नाना ताटावरून उठत. खाई त्याला खवखवे हे खरं, पण ही खवखव अशी की औषध मागायचीही चोरी.

तर असे हे नाना, आणि या वर्षी त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला.

शस्त्रक्रिया झाली, डोळा चिघळला, डॉक्टरांनी धुळीत जायला बंदी केली. सव्वा महिना नाना घरात काळा चष्मा लावून बसले आणि बायकोचं डोकं खाल्लं. झारी कुणी धरली असेल, राख कुणी टाकली असेल. बायको म्हणाली, "अहो, ती हरणं आपल्या लग्नाच्या आधीपासून जगतायत. गप बसा." बसल्या बसल्या दुपारी त्यांना झोप लागे आणि झोपेत ते मोजत. एकदा ते दचकून उठले तेव्हा बायको पंख्याखाली गहू निवडत होती. म्हणाली, "भिंग नवं बसवलंय, पण भुतं जुनीच दिसतायत वाटतं तुम्हाला." ती हसली. नाना उठून तोंड धुवायला गेले.

कामावर परतले त्या दिवशी आधी मोठ्या तुकड्याकडे गेले. लांबून हिरवं दिसलं. बरं वाटलं. जवळ गेले आणि चष्मा काढला.

ज्वारी होती. गुडघ्याएवढी.

वरच्या कचेरीतून मिश्र बियाण्याची पोती आली होती, त्यात निम्मी ज्वारी. नाना नव्हते, मुकादमाने ती पेरून टाकली. बाजरी उगवलीच नाही, ज्वारी तेवढी आली. टँकर पाणवठ्यांनाच पुरत नव्हते म्हणून ती ताणली गेली आणि खुरटली. सगळं तस्संच. फाटकाबाहेर बरगड्या निघालेली हरणं तारेला नाक लावून उभी होती. नानांनी मोजली. तेवीस, त्यात पाच पाडसं.

ते तडक साहेबांकडे गेले. साहेब नवे होते, तिशीतले, माणूस वाईट नव्हता. टेबलावर रस्त्यावर मेलेल्या हरणांचे फोटो पडले होते. आठवड्यात दोन गेली होती आणि वरून रोज फोन येत होता.

"मोठ्या तुकड्याचं फाटक उघडायचं नाही साहेब," नाना म्हणाले. "त्या ज्वारीत किरळ आहे. जनावरं मरतील."

साहेबांनी ऐकून घेतलं. मग जुनी नोंदवही काढली. "मी तेच बघत होतो नाना. अकरा वर्षांपूर्वी त्याच तुकड्यात ज्वारी होती. असाच कोरडा उन्हाळा. तुमच्याच अक्षरात आहे, 'उन्हाने सुकली, नांगरून टाकली.' विषाचं एक अक्षर नाही."

"त्या वर्षी नऊ हरणं..." नानांच्या तोंडून तो आकडा बाहेर पडला आणि तेच गडबडले.

"ती पाण्याने गेली. चौकशी झालीय." साहेबांनी पान उलटलं. "तुमची काळजी मला कळते. पण ऐकीव गोष्टीवर मी आत हिरवा चारा ठेवून बाहेर जनावरं उपाशी मारू? गेल्या आठवड्यातच दोन टँकर पाणी घातलंय त्याला. आज संध्याकाळी उघडू. तुम्ही डोळा सांभाळा, किल्ली बाईंकडे दिली आहे."

नाना दारात उभे राहिले. बोल, त्यांनी स्वतःला सांगितलं. आत्ता बोल. अकरा वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ टेबलावर पडली होती आणि ती त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलत होती. ते बाहेर पडले.

बाई म्हणजे धाकटी. ती पाणवठ्यावर होती. दुपारचा एक वाजला होता, रान गप्प झालं होतं, आणि नाना त्या वाटेने निघाले जिथे ते दुपारी कधी जात नसत. अर्ध्या वाटेवर कडी वाजली. खण्ण. पाय मागे फिरले होते, त्यांनी ते ओढून पुढे टाकले. वळणावरून पाहिलं तर धाकटी बादली खाली ठेवून घाम पुसत होती. तिच्या अंगात तिच्या नवऱ्याचा जुना शर्ट होता, उन्हापासून बचाव म्हणून.

"भाऊजी? या उन्हात? डॉक्टरांनी काय सांगितलंय? ताईला कळलं तर दोघांची हजेरी घेईल."

"धाकटे, ते फाटक उघडू नकोस."

"का?"

"ज्वारी कोवळी आहे."

"कोवळीच तर खातात जनावरं. गेल्या आठवड्यात दोन टँकर ओतले त्याला, एक मी पाणवठ्यांच्या पाण्यातून वाचवला, एक साहेबांकडून मागून घेतला. बघा तरी कसे फुटवे फुटलेत." ती बोलताना उजळली होती. "तुम्हाला खरं सांगू? मला वाट बघवत नाहीये. आमच्या घरावर नऊ जनावरांचा डाग आहे भाऊजी. ही तेवीस माझ्या हाताने जगली तर तो धुतला तर जाणार नाही, पण मला झोप तरी लागेल."

नाना पाणवठ्याच्या काठावर बसले. सिमेंट तापलेलं होतं, ते त्यांना कळलंही नाही.

"तुमच्या घरावर डाग नाही," ते म्हणाले.

"लोक काय म्हणतात ते मला..."

"लोक गेले खड्ड्यात. मी सांगतो ते ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने पुरं व्हायचं नाही."

आणि त्यांनी सांगितलं. गाय सांगितली, कापलेली ज्वारी सांगितली, दोन टँकर सांगितले. फाटक कुणी उघडलं ते सांगितलं. सकाळी तुकड्यात शिरल्यावर काय दिसलं, काय कळलं, ट्रॅक्टर कशाला आणला, वहीत काय लिहिलं. चौकशीत कुणी तोंड उघडलं नाही आणि कशासाठी. "कायम व्हायचं होतं मला," ते म्हणाले. "एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. त्याच्यात दुसरं कारण शोधलं अकरा वर्षं, सापडलं नाही."

धाकटी उभीच होती. तिने बादलीची कडी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. तिने ओरडावं, शिव्या द्याव्यात, ती बादली डोक्यात घालावी, असं नानांना मनापासून वाटत होतं.

"पाण्यात काही नव्हतं?" तिने विचारलं.

"काही नव्हतं."

"त्या डब्यात?"

"काही नव्हतं. त्याला माहीतच होतं ना. म्हणून तर तो मरेपर्यंत माझं तोंड बघत नव्हता."

धाकटीने मान हलवली. हळूहळू, नाही, नाही, अशी.

"त्यांना माहीत नव्हतं भाऊजी." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्यांना वाटायचं त्यांनीच मारली. डबा नीट धुतला गेला नसेल त्या दिवशी, असं म्हणायचे. पार शेवटपर्यंत. घरात तांब्या घासायला घ्यायचे आणि तासभर घासत बसायचे. पोरीला स्वतःच्या हाताने कधी पाणी दिलं नाही. तिने मागितलं तर मला हाक मारायचे. तहानेने रडली तरी मी येईपर्यंत हात लावायचे नाहीत पेल्याला."

नानांनी चष्मा काढून काठावर ठेवला.

"आणि तुमच्याकडे का येत नव्हते माहितेय? मी भांडायचे, ताईकडे चला म्हणून. म्हणायचे, 'त्या माणसाने पोटच्या पोरांसारखी वाढवली होती ती जनावरं, आणि मी मारली. वर चौकशीत त्याने माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ?'"

रानात आवाज नव्हता. नानांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, खोकला अडकावा तसा, आणि मग ते रडायला लागले. भिंग बसवलेल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते दोन्ही हातांनी डोळे दाबून रडले. धाकटीने त्यांना गप्प केलं नाही. तिने का करावं?

बऱ्याच वेळाने तिने कमरेची किल्ली काढली, तुकड्याकडे गेली, कुलूप लागलंय ना ते ओढून बघितलं आणि परत आली. किल्ली नानांना दिली नाही. पुन्हा कमरेला खोचली.

"फाटक उघडणार नाही," ती म्हणाली. "बाकीच्या तुकड्यांतली चवळी कापून इथे कुंपणाबाहेर आणून टाकते, चार बायका घेते हाताशी. तुम्ही कचेरीत जा. मला सांगितलंत ते सगळं साहेबांना सांगा. वहीत लिहून घ्यायला लावा. ह्यांचं पूर्ण नाव घालून." ती थांबली. "आणि तिथून आमच्या घरी जा. पोरगी तीनला येते. मी नाही सांगणार तिला. तुम्ही सांगा."

"ताईला?"

"ताईचं तुमचं तुम्ही बघा."

नाना उठले. तारेला नाक लावलेली हरणं त्यांना पाहून दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा पुढे आली. त्यांना कुणी काय सांगणार? नाना त्यांच्या बाजूने चालत कचेरीकडे गेले. डोक्यावर ऊन, चष्मा पाणवठ्यावरच राहिलेला.

साहेब जेवत होते. नानांना पाहून त्यांनी डबा बाजूला केला, खुर्ची दिली. नाना बसले नाहीत. उभ्यानेच सांगितलं, सुरुवातीपासून, आणि या वेळी जीभ कुठे अडली नाही. साहेब आधी ऐकत राहिले, मग त्यांनी ती जुनी वही पुढे ओढली आणि पेनाचं टोपण काढलं. नोकरीचं काय होईल, निवृत्तीला राहिलेल्या दोन वर्षांचं काय होईल, असं ते काहीतरी हळूच म्हणाले. नानांनी ते ऐकलं नाही. ते वहीकडे बघत होते.

"फाटक आज उघडत नाही, तेवढं नक्की," साहेब म्हणाले. "मी आत्ताच सांगतो. पण मग ते पाण्याचं काम करणारे गृहस्थ... त्यांच्याबद्दल काय लिहू?"

नानांनी साडूबुवांचं पूर्ण नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहिलं.

"लिहा," नाना म्हणाले, "नऊ हरणं मेली. त्याच्या पाण्यात काही नव्हतं. पाणी स्वच्छ होतं."

साहेबांनी लिहून घेतलं आणि सहीसाठी वही त्यांच्याकडे फिरवली. नानांनी सही केली. आता हे वरच्या कचेरीत कळणार होतं, बायकोला कळणार होतं, तीन वाजता त्या पोरीला कळणार होतं. ज्याला कळायला हवं होतं तो तांब्या घासत घासत मरून गेला होता, आणि त्याला सांगायला नानांना सबंध चार वर्षं मिळाली होती.